तोंडी परीक्षेत तुमचं विचारलं

अण्णा,

तुम्हाला न विचारता मी पुन्हा कॉलेजात नाव घातलं. विचारणार तरी कसं, तुम्हाला जाऊन एकवीस वर्षं होऊन गेली. पण फॉर्म खिडकीतून आत सरकवला तेव्हा मनात पहिलं हेच आलं, की हे अण्णांच्या कानावर घातलेलं नाही. पंचेचाळीस वर्षांची बाई, घरात शिकून नोकरीला लागलेला मुलगा, आणि धाक अजून बापाचा. खिडकीतल्या कारकुनानं चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "पालकांनी रांगेत उभं राहायचं नाही, मुलाला पाठवा." मी म्हटलं, विद्यार्थी मीच आहे. त्यानं जन्मतारीख वाचली, मग पुन्हा मला वाचलं. "बारावीचं मार्कलिस्ट आणलंय का, की ताम्रपटावर आहे?" तुम्हाला हे पुणेरी बोलणं आयुष्यभर लागत आलं. भंडाऱ्याहून आलेला माणूस, तुम्ही रागावलात की तोंडावर रागावायचात. इथं माणसं शांतपणे चिमटा काढतात आणि पुढच्याला हाक मारतात हे तुम्हाला कधी जमलं नाही. मी इथलीच. मी म्हटलं, कागदावरच आहे, पण जपून धरा. तो हसला नाही, पण शिक्का मारला.

विषय स्पॅनिश. तुम्ही म्हणाल हे काय नवीन खूळ. खूळ नाही, पोटाचा प्रश्न आहे. हडपसरला पंप बनवणाऱ्या एका कारखान्यात मी एकोणीस वर्षं आहे, त्यातली बहुतेक टेलिफोन ऑपरेटर म्हणून. तुम्ही गेलात आणि दोन वर्षांनी लागले. सगळ्या कारखान्याचे फोन माझ्या हातातून जायचे. मग देशाची दारं उघडली म्हणतात ती वर्षं आली, आणि स्पेनच्या एका कंपनीनं आमचा अर्धा कारखाना विकत घेतला. तिकडून फोन यायला लागले, मग तिच्याच मेक्सिकोच्या शाखेतून यायला लागले. मला त्यातलं एक अक्षर कळायचं नाही. मी "वन मिनिट" म्हणायची आणि साहेबांना जोडून द्यायची. पण जोडण्याआधी दोन-चार क्षण तो आवाज माझ्या कानात असायचा, भराभरा, शेवटी स्वर मोकळे सोडणारा, आणि मला तो ऐकत राहावासा वाटायचा. पुढे आपोआप चालणारं एक्स्चेंज आलं. एक दाबा, दोन दाबा. मला उचलून आवक-जावक टपालाच्या टेबलावर बसवलं. ज्या वर्षी माझ्या नवऱ्याला त्याच कारखान्यातून स्वेच्छानिवृत्तीच्या यादीत घातलं, त्याच्या पुढच्या वर्षी साहेबांनी मला बोलावलं. स्वेच्छा कुणाची ते विचारू नका. साहेब म्हणाले, तिकडच्या गिऱ्हाइकांचे फोन घ्यायला नवीन टेबल काढतोय, कॉलेजचा डिप्लोमा लागेल. मी शिकते म्हटलं. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि सरळ सांगितलं, "बाई, पास झालात तर टेबल तुमचं. नाही झालात तर पुढच्या यादीत तुमचं नाव आहे. मी लपवत नाही." मला तो माणूस आवडला. निदान लपवत नव्हता.

वर्ग सकाळी सातचा. पहाटे उठून डबा करायचा, हडपसरहून बस पकडायची, नऊपर्यंत वर्ग, मग उलट्या दिशेनं पळत कारखाना. वर्गात बावीस जण, सगळी माझ्या मुलाच्या वयाची किंवा त्याहून लहान. निम्मी हिंजवडीच्या कंपन्यांकडे डोळे लावून बसलेली, भाषा आली की पगारात फरक पडतो म्हणून. मॅडम माझ्याहून बारा वर्षांनी लहान. त्या मला "तुम्ही" म्हणायच्या आणि चुकलं की बाकीच्यांना ओरडायच्या तशा मला ओरडायच्या नाहीत, आणि ते ओरडण्यापेक्षा वाईट वाटायचं. पहिल्या महिन्यात मी मागच्या बाकावर बसायची. एक दिवस एक मुलगी धपकन शेजारी येऊन बसली. बारीक, डोळे टपोरे, हिंजवडीला सात मुलींबरोबर खोली घेऊन राहणारी. वही उघडली आणि मला म्हणाली, "काकू, तुम्ही काहून एवढ्या घाबरून राहिल्या?" अण्णा, मी तिच्याकडे बघतच राहिले. काहून. वीस वर्षांत कोणी माझ्या कानाशी हा शब्द बोललं नव्हतं. ती तुमच्या भंडाऱ्याशेजारच्या गोंदियाची निघाली. शाळेत माझ्या तोंडून हा शब्द निघाला होता तेव्हा सगळा वर्ग हसला होता आणि मी घरी येऊन तुमच्याशी दोन दिवस बोलले नव्हते. ही पोरगी पुण्यात भर वर्गात तो ठणकावून वापरत होती आणि कोणी हसलं तर त्याच्याकडे वळून "काय झालं बाप्पा?" विचारत होती.

शिकणं जमत होतं. पाठांतर मला पहिल्यापासून सोपं, कारखान्यातले चारशे अंतर्गत नंबर तोंडपाठ होते. क्रियापदांची रूपं मी कणीक मळताना म्हणायची. नवरा धड्यांची कॅसेट लावायचा आणि थांबवायचा, त्याला कामच नव्हतं तेव्हा दुसरं. गोची झाली ती चौथ्या महिन्यात, धडा आला तेव्हा: कुटुंब आणि व्यवसाय. प्रत्येकानं उठून सांगायचं, माझे वडील काय करतात. कोणाचे शिक्षक, कोणाचे दुकानदार. माझी पाळी आली. मी म्हटलं, माझे वडील सरकारी नोकरीत होते. मॅडमनी विचारलं, कोणत्या खात्यात? मी म्हटलं, सरकारी. कुठे? पुण्यात. काय काम करायचे? मी गप्प. शब्द येत नसतील असं समजून त्यांनी फळ्यावर आठ-दहा व्यवसाय लिहून दिले. मी फळा वाचत उभी राहिले. मॅडम म्हणाल्या, बसा, पुढच्या तासाला सांगा. वर्ग हसला नाही, हे त्यांचे उपकार.

तुम्हाला आठवतं का, मी आठ वर्षांची असेन, आपण खडकी स्टेशनवर बाकावर बसलो होतो. शेजारी एक प्रवासी होता, चांगला माणूस असावा. त्यानं मला लिमलेटची गोळी दिली आणि विचारलं, बाबा काय करतात गं तुझे? मी तोंड उघडलं मात्र, तुम्ही माझं मनगट असं दाबलंत की काचेची बांगडी पिचली. हसत त्याला म्हणालात, सरकारी नोकरी. घरी आल्यावर मला भिंतीशी उभं केलंत. "कोणी विचारलं त काय सांगशील?" सरकारी नोकरी. "कुठं?" पुण्यात. "काय काम करते तुझा बाप?" सरकारी नोकरी. आई पोळ्या लाटत होती, तिचं लाटणं थांबलं नाही. चुलीवरचा भात उतरेपर्यंत तुम्ही तेच तेच विचारत राहिलात, मी तेच तेच सांगत राहिले. शेवटी म्हणालात, "याच्या पुढं एक शब्द सांगू नको. कोणाच्या बापालासुद्धा." आपल्या सरकारी क्वार्टरमधल्या सगळ्या घरांत थोडंफार हे होतंच. सगळ्यांचे वडील भोंग्याला निघायचे, काडेपेटी-विडी फाटकावर ठेवायचे, भोंग्याला परत यायचे, आणि आत काय होतं ते कोणी बोलायचं नाही. दारूगोळ्याचा कारखाना, एवढं अख्ख्या खडकीला माहीत. पण त्याच्या आत माझा बाप कुठे उभा राहतो, हे विचारायचं नाही हे मी इतकं शिकले, की पस्तीस वर्षांनी एका परक्या भाषेच्या तासाला माझी जीभ तिथेच येऊन अडली. गावोगावची माणसं शब्द येत नाही म्हणून अडतात. क्वार्टरमधल्या पोरी शब्द येत असून अडतात.

आणि दुसरी गोष्ट तुम्हाला नक्की आठवत असणार. मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. कॉलेजच्या नोटीस बोर्डावर परदेशी पत्रमित्रांचे पत्ते लागले होते. मी एक उतरवून घेतला, एका मुलीचा, माझ्याच वयाची, समुद्राकाठच्या कुठल्या तरी गावची. तिकडे मी तीन पत्रं पाठवली, मोडक्या इंग्रजीत. तिचं पहिलं उत्तर क्वार्टरवर आलं, पाकिटावर रंगीत तिकीट, त्यावर एक पक्षी. ते तुमच्या हातात पडलं. तुम्ही ओरडला नाहीत. मला वाटतं ओरडला असतात तर मी आज हे लिहीत बसले नसते. तुम्ही दार लावलंत, पाटावर बसलात, मला कागद-पेन घ्यायला सांगितलंत आणि मजकूर सांगायला सुरुवात केलीत. माननीय साहेब. मी खाली सही करणार लिहून देते की माझा कोणाही परदेशी व्यक्तीशी संबंध नाही व यापुढे राहणार नाही. सुवाच्य अक्षरात लिहून घेतलंत. माझी सही, खाली साक्षीदार म्हणून तुमची. मी रडत होते आणि कागदावर थेंब पडू नये म्हणून मान बाजूला करून लिहीत होते, कारण खराब झाला तर पुन्हा लिहावा लागेल. पुढच्या जूनमध्ये तुम्ही म्हणालात, कॉलेज बस झालं. दिवाळीनंतर माझं लग्न झालं.

मी ते गिळलं होतं, खरं सांगते. नोकरीवर गदा येईल म्हणून बापानं केलं, पाच माणसं त्या नोकरीवर जेवतात, असं म्हणून गिळलं होतं. मग तुम्ही गेलात. तेराव्यानंतर आईनं तुमची ट्रंक उघडली, आणि तिच्यात विम्याच्या कागदांखाली तुम्ही लिहून घेतलेला माझा तो अर्ज निघाला. चार घड्या घातलेला, कुठलाही शिक्का नाही, आवक नंबर नाही. तुम्ही तो कोणाला दिलाच नव्हतात. कोणी मागितलाच नव्हता, अण्णा. तुम्हाला कोणी बोलावलं नव्हतं, कोणी काही विचारलं नव्हतं. तुम्ही तुमच्या मनानं घाबरलात आणि तुमच्या मनानं माझं कॉलेज बंद केलंत. त्या दिवसापासून माझा तुमच्यावर जो राग आहे तो आजही आहे. श्राद्धाला पान वाढताना असतो, आणि ते वाढतेही. तुम्ही गेल्यावर गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणून मी कोणाजवळ बोलले नाही, नवऱ्याजवळसुद्धा. त्याला वाटतं मला पुढे शिकायचंच नव्हतं.

डिसेंबरात अंतर्गत तोंडी परीक्षा झाली. मॅडमनी मुद्दाम सोपं म्हणून पुन्हा कुटुंबच विचारलं. आईबद्दल बोलले, नवऱ्याबद्दल, मुलाबद्दल. वडील आले आणि पुन्हा तेच. सरकारी नोकरी, पुणे, आणि पुढे भिंत. वीसपैकी सात मार्क. मॅडमनी तासानंतर थांबवून घेतलं. म्हणाल्या, लेखी तुमचं वर्गात दुसरं आहे, पण नियम असा की तोंडीत वेगळं पास व्हावं लागतं, आणि शेवटच्या परीक्षेला बाहेरच्या परीक्षक येणार, त्या कुटुंबावर हमखास विचारतात. "तुम्हाला काही त्रास आहे का त्या विषयाचा? मी विचारू नये, पण तुम्ही तिथे अशा थांबता की मलाच भीती वाटते." काय सांगणार त्यांना. म्हटलं, वय झालंय, आठवत नाही. त्यांनी ते मान्य केल्यासारखं केलं. त्या दिवशी बसमध्ये मी हिशोब केला तो दिवसांचा. यादी मार्चअखेर लागणार, परीक्षा मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात. घरी सांगितलं तेव्हा नवऱ्यानं कॅसेट थांबवली. मग म्हणाला, काही तरी बोलून टाकायचं, कोण तपासायला जातंय. त्याला वाटलं होतं प्रश्न तेवढाच आहे.

गोंदियाच्या पोरीलाही तेच वाटलं. माझ्या सुट्टीच्या दिवशी वर्ग सुटल्यावर आम्ही कॅन्टीनमध्ये बसायचो, ती परीक्षक, मी उमेदवार. तिनं विचारलं, मी म्हटलं सरकारी नोकरी. तिनं पेन आपटलं. "हे त फाटकावरच्या वॉचमनला सांगायचं उत्तर झालं, काकू. पुढं?" पुढं काही नाही म्हटल्यावर तिनंच तोडगा काढला. माळी करून टाकू. सरकारी बागेतले माळी, म्हणजे सरकारी नोकरीही राहते आणि शब्दही सोपे: गुलाब, पाणी, माती, कात्री. "परीक्षा आहे, पोलिसची चौकशी नाही. त्या बाईला तुमच्या बाबांशी काय करायचं आहे?" आम्ही दोघींनी मिळून तुम्हाला माळी केलं. दोन पानं झाली. तुम्ही सकाळी झाडांना पाणी घालता, तुम्हाला पांढरे गुलाब आवडतात, दर रविवारी तुम्ही माझ्यासाठी घरी फुलं आणता. मी ते इतकं घोटलं की झोपेत म्हणाले असते. आणि गंमत सांगते, ते म्हणताना माझी जीभ कुठे अडायची नाही. माळी अण्णांबद्दल मला वाटेल तेवढं बोलता यायचं. ते कधी कोणावर ओरडत नसत. कधी कधी बसमध्ये ते म्हणता म्हणता माझ्या डोळ्यांत पाणी यायचं आणि मग स्वतःचाच राग यायचा.

परीक्षेच्या दिवशी बाहेर बाकावर आम्ही नऊ जण. पोरगी माझ्या आधी आत गेली, दहा मिनिटांत बाहेर आली, मला अंगठा दाखवला. आत टेबलापलीकडे परीक्षक, साठीच्या, केस कापलेले, खादीची साडी. बाजूला आमच्या मॅडम, पण त्यांना बोलायची परवानगी नाही. आधी नाव, गाव, काम. हडपसरच्या टेलिफोन बोर्डाबद्दल विचारलं, ते मी छान सांगितलं, बाई हसल्यासुद्धा. आणि मग त्यांनी विचारलं, तुमचे वडील काय करत होते. मी सुरू केलं. माळी, सरकारी बाग, पाणी, माती. मॅडमचे खांदे सैल झालेले मला दिसले. पांढरे गुलाब झाले. तेव्हा परीक्षकबाईंनी आमच्या कागदावर होता तोच प्रश्न विचारला, अगदी सहज, कौतुकानं: मग घरी तुमच्यासाठी फुलं आणत असतील? उत्तर तयार होतं. हो, दर रविवारी. स्पॅनिशमध्ये चार शब्दांचं उत्तर.

ते आलं नाही. कारण मला तुम्ही दिसलात, फाटकातून बाहेर येताना, खिसे उलटे करून दाखवताना. तुम्ही तिथून घरी कधी काही आणलं नाहीत. बाकीचे कधी लाकडाची फळी आणायचे, कधी सुतळी. तुम्ही पेन्सिलीचा तुकडासुद्धा नाही. मोरीत जाऊन कोपरापर्यंत हात घासायचात, तीनदा, आणि तोवर आम्हाला जवळ येऊ द्यायचा नाहीत. बोटांची टोकं पिवळी होती, ती घासूनही जायची नाहीत. आणि माझ्या तोंडून निघालं, नाही. ते तिथून घरी काहीच आणत नसत. बाईंना वाटलं मी प्रश्न समजले नाही. त्यांनी पुन्हा सावकाश विचारलं, बागेतून एक फूलही नाही? मी म्हटलं, ते माळी नव्हते. मी खोटं सांगितलं.

मॅडमनी मान खाली घातली. मला दिसत होतं, टेबल गेलं, नोकरी गेली, नवरा आणि मी दोघं घरात समोरासमोर बसलोय. परीक्षकबाईंनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, मग काय होते? मी म्हटलं, दारूगोळ्याच्या कारखान्यात होते. मराठीतसुद्धा हे वाक्य मी कधी उच्चारलेलं नाही, अण्णा. तोंडातून गेलं आणि काही झालं नाही. कोणी आलं नाही. बाईंनी विचारलं, तिथे काय काम करायचे? आणि इथे मला कळलं की मला ठाऊकच नाही. मी आठवायला गेले, इतकी वर्षं दाबून ठेवलंय ते आता काढू म्हणून, आणि आत काही नव्हतं. तुम्ही भरत होतात, की तपासत होतात, की नुसती खोकी बांधत होतात? मी म्हटलं, माहीत नाही. घरात बोलायची बंदी होती. बाई म्हणाल्या, "त्यांच्या घरात किती वर्षं राहिलात?" वीस. "मग वीस वर्षं जे पाहिलंत ते सांगा."

मी सांगितलं. भोंगा सांगितला, काडेपेटी सांगितली, हात धुणं सांगितलं. साबणाला शब्द आला, घासणीला आला नाही, तेव्हा हातानं करून दाखवलं. सुती कपडे, त्यांना धातूचं बटण नाही, म्हणून आई नाड्या शिवायची. ढग गडगडले आणि तुम्ही कामावर असलात की आई देवापुढे बसायची, तेही सांगितलं. पिचलेली बांगडी सांगितली. अर्जाचं सांगितलं. भूतकाळाची रूपं सगळी चुकत होती, आज-काल-परवा एकत्र झालं होतं, पण मी थांबत नव्हते. जे नवऱ्याला सांगितलं नाही, ते मी एका अनोळखी बाईला, अर्धवट येणाऱ्या भाषेत सांगितलं. मध्येच बाईंनी घड्याळ पाहिलं आणि पुन्हा माझ्याकडे पाहिलं. शेवटी त्यांनी एकच विचारलं, रागावलात का त्यांच्यावर? मी म्हटलं, हो, रागावले. हे रूप तेवढं बरोबर आलं. बाहेर पोरगी उभीच होती. "माळी झाला का, काकू?" म्हटलं, अर्धाच झाला. माझं तोंड बघून तिनं पुढे विचारलं नाही, पाण्याची बाटली दिली.

यादी लागायच्या तीन दिवस आधी निकाल लागला. तोंडीत पासला लागतात त्यापेक्षा दोन मार्क जास्त. मॅडमनी नंतर सांगितलं, बाईंनी व्याकरणाचे कापता येतील तेवढे कापले, आणि मग बोलण्याचे दिले. साहेबांनी निकालाचा कागद दोनदा वाचला आणि कारकुनाला माझं नाव यादीतून काढायला सांगितलं. आता माझ्या टेबलावर हेडफोन आहे. तिकडे सकाळ होते तेव्हा माझी संध्याकाळ असते. परवा मेक्सिकोचा एक माणूस पंपाची तक्रार सांगता सांगता स्वतःच्या बापाबद्दल बोलायला लागला, मी ऐकून घेतलं.

हे पत्र कुठे टाकायचं नाही. क्वार्टरला आता दुसरं कुटुंब आहे, आणि तुम्हाला पोस्टानं आलेलं काही कधी मानवलंच नाही. पास झाले म्हणून राग गेला असं समजू नका. पण परीक्षेत एक गोष्ट मी बाईंना अर्धीच सांगितली, ती इथे पुरी करते. घरात बोलायची बंदी होती म्हटलं. बंदी बाहेर सांगायची होती. मी स्वतः तुमच्याजवळ बसून विचारावं, अण्णा, तुम्ही दिवसभर काय करता, याला तुम्ही कधी नाही म्हणाला नव्हतात. मी विचारलं नाही. कॉलेजात सरकारी नोकरी म्हटलं की मुली साहेब समजायच्या, आणि मला ते सोयीचं होतं. बी.ए.च्या पहिल्या वर्षाच्या प्रवेशाच्या फॉर्मवर वडिलांचा व्यवसाय अशी ओळ होती. तिथे मी माझ्या हातानं लिहिलं, अधिकारी. संध्याकाळी तो फॉर्म सहीसाठी तुमच्यापुढे ठेवला. तुम्ही वरून एकेक ओळ बोट लावून वाचत आलात. त्या ओळीवर बोट थांबलं. मग तुम्ही पेन मागितलंत आणि खाली सही केलीत. मी फॉर्म उचलला आणि तुमच्या तोंडाकडे न बघता स्वयंपाकघरात गेले.